वेष्टनावरील आकडे कोणासाठी?

वजन आटोक्यात ठेवू पाहणाऱ्यास खाद्यपदार्थांच्या वेष्टनावरील आकडे उपयोगी पडतात, यात शंका नाही. पण ते वाचावयाचे कोणी? पुड्याच्या मागील बाजूस मुंगीएवढ्या अक्षरांत, बहुधा इंग्रजीत, ऊर्जा, साखर, मेद यांचा तक्ता असतो. तोही बहुतेकदा 100 ग्रॅमला. खाल्लेल्या चार बिस्किटांचा हिशेब ग्राहकानेच मांडावयाचा! शिवाय 2020च्या केंद्रीय नियमावलीने 100 चौरस सेंटिमीटरपर्यंत पृष्ठभाग असलेल्या पाकिटांना पोषणमाहिती छापण्यातून सूट दिली. ती ठोक वेष्टनावर असली म्हणजे झाले. अर्थात, रोजच्या मजुरीतून लहान पाकीट घेणाऱ्याच्या हाती हा तक्ता पडतच नाही.

चिली देशाने 2016 साली साखर, मीठ, संपृक्त मेद वा उष्मांक मर्यादेबाहेर गेल्यास वेष्टनाच्या दर्शनी भागी काळा अष्टकोन सक्तीचा केला. अक्षरओळख बेताची असली तरी तो डोळ्यांत भरतो. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2022च्या मसुद्यात मात्र तारे आले. सर्वांत निकृष्ट मालालाही अर्धा तारा! कारखानदारांना ही योजना रुचली तर नवल नाही. कामगार संघटनांनी व ग्राहक चळवळीने काळ्या चिन्हाचीच मागणी लावून धरावी, आणि त्याखालील शब्द मराठीतही मागावेत. वडापावच्या गाडीवर वेष्टनच नसते, तो प्रश्न निराळा.