ताण देणारा हात

‘ताण घेऊ नकोस’ असा उपदेश लातूर-नांदेडच्या शिकवणीवर्गांत आणि सुशिक्षित घरांत हल्ली मुलांस रोज मिळतो. हे वाक्य आम्हांस मराठीच्या वळणाचे वाटत नाही; आणि त्याहून अधिक, ते अन्यायाचे वाटते.

‘ताण’ हा शब्द ‘तन्’, म्हणजे पसरणे, ओढून लांबविणे, ह्या धातूचा. ‘तंतू’ त्याचाच सोयरा. विणकराचे उभे सूत तो ताणा. तो सैल राहिला तर कापड झोळते, फार ओढला तर सूत तुटते. म्हणून विणकर आधी सुतास खळ देतो, मग बेताने ओढतो. अंबाडीचा दोर वळणारा मातंग कारागीर ओढ सारखी राखतो, तेव्हाच पीळ सारखा बसतो. मोसंबीचा बागाईतदार आंबे बहारासाठी झाडाचे पाणी तोडतो, ते ‘ताण देणे’. जमीन हलकी असेल तर दिवस थोडे, भारी असेल तर अधिक. पाने मलूल होऊन गळू लागली की तो ताण तोडतो, तोही आधी हलके पाणी देऊन. कोवळ्या झाडावर तर तो बहार धरीतच नाही.

तिन्ही ठिकाणी ताण देणारा हात आहे, माप आहे आणि सोडण्याची वेळ आहे. पावसाने दडी मारली तर शेतकरी ‘पिकाला ताण बसला’ म्हणतो. पिकाने तो घेतला, असे म्हणत नाही. 2016 साली लातुरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, तेव्हाही उसास कोणी धीराचा उपदेश केला नाही.

शब्दांचे अर्थ बदलतात, असे कोणी म्हणेल. बदलोत. ताण मनासही लागू झाला, ह्यास आमची हरकत नाही. हरकत ‘घेणे’ ह्या क्रियापदास आहे. त्याने कर्ताच बदलला. पहाटेपासूनचे वर्ग, चाचण्यांवर चाचण्या, शेजाऱ्याच्या मुलाचे गुण, हे सारे देणारे आपण. व्याकरणात मात्र अपराधी मूल!

‘लातूर पॅटर्न’ने खेड्यापाड्यांतील मुलांस वैद्यकीय महाविद्यालयांची दारे उघडली, हे आम्ही नाकारीत नाही. ओढीवाचून कापड होत नाही. पण सूत तुटले तर विणकर सुतास बोल लावीत नाही; तो आपला हात तपासतो.

पालकांनी आणि आम्हां शिक्षकांनी मुलास एवढेच विचारावे, “आम्ही तुला फार ताण दिला काय?” मात्र उत्तर ऐकून हात सैल करण्याची तयारी असेल, तरच विचारावे.