शिबिरात ईसीजी काढता, मग तोंड उघडायला का सांगत नाही?

पोस्ट जरा मोठी आहे. पण घरात साठीपुढचे वडील, काका, आजोबा असतील तर शेवटपर्यंत वाचा.

आमचे आप्पा, म्हणजे माझे थोरले चुलते. वय ६८. दहा वर्षं हिरड्यांतून रक्त यायचं, दोन दाढा हलत होत्या. काकू बोलून बोलून थकल्या. आप्पांचं उत्तर ठरलेलं, "वय झालं की दात जायचेच." मिशरी लावली की बरं वाटायचं, विषय तिथंच संपायचा. या दहा वर्षांत आप्पा गावातल्या तीन-चार आरोग्य शिबिरांना जाऊन आले. बीपी, शुगर, ईसीजी सगळं झालं. "तोंड उघडा" असं एकानंही म्हटलं नाही. गेल्या दिवाळीनंतर अटॅक आला. अँजिओप्लास्टी झाली, वाचले.

दातांमुळे अटॅक आला असं मी म्हणणार नाही. तंबाखू होती, शुगर होती. पण अंगात वर्षानुवर्षं मुरलेला जंतुसंसर्ग आणि हृदय यांचा संबंध आहे का, हा प्रश्न जुना आहे. १९८८ साली फिनलंडच्या डॉक्टरांना हृदयविकार झालेल्या पुरुषांच्या रक्तात क्लॅमिडिया न्यूमोनिए या जंतूच्या खुणा जास्त प्रमाणात सापडल्या. पुढं इटलीतल्या ब्रुनेक गावात लोकांवर पाच वर्षं लक्ष ठेवलं गेलं. ज्यांना छातीचा, लघवीचा किंवा दातांचा जुना संसर्ग होता, त्यांच्या मानेतल्या रक्तवाहिन्यांत चरबीचे थर साचण्याचा धोका जास्त दिसला. कारण साधं आहे. संसर्ग जुना झाला की शरीर सतत त्याच्याशी भांडत राहतं, आणि त्या भांडणातली सूज रक्तवाहिन्यांनाही सोडत नाही.

आता खरा धोका ऐका. हे अर्धवट वाचून कुणीतरी आप्पांना मेसेज पाठवला, "अँटिबायोटिकनं हार्ट साफ होतं." आप्पांनी चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून ॲझिथ्रोमायसिन आणलंसुद्धा! अहो, हाच प्रयोग अमेरिकेत करून झालाय. सुमारे ४ हजार हृदयरुग्णांना ॲझिथ्रोमायसिन किंवा खोटी गोळी वर्षभर दर आठवड्याला दिली. २००५ साली निकाल आला. दोन्ही गटांत काहीच फरक नाही. उलट या औषधानं काही जणांच्या हृदयाचे ठोके बिघडू शकतात. आप्पांची ती स्ट्रिप मी काढून घेतली.

मग हिरड्या साफ केल्या की अटॅक टळतो का? अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१२ साली सगळा पुरावा तपासला. हिरड्यांचा आजार आणि हृदयविकार यांचा संबंध दिसतो, पण एकामुळे दुसरा होतो किंवा उपचारानं तो टळतो हे सिद्ध झालेलं नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. म्हणजे दाताच्या डॉक्टरकडे गेलात म्हणून बीपीची गोळी बंद करायची नाही, आणि तंबाखू तर सोडायचीच.

"मग कशाला जायचं?" असं आप्पांनीही विचारलं. मी म्हटलं, "आप्पा, तुम्हाला भाकरी चावता येत नाही, भातावर दिवस काढताय. हिरड्या सडल्या की शुगरही आवरत नाही. आणि मिशरीनं तोंडात गाठ झाली असती तर ती कुणी बघितली असती?" पटलं त्यांना. कार्डिओलॉजिस्टना विचारून, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू ठेवूनच हिरड्यांचे उपचार झाले. या गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करू नका, हे लक्षात ठेवा.

आपल्याकडचा पुरुष दुखणं अंगावर काढतो आणि त्याला सहनशक्ती म्हणतो. जुना खोकला, लघवीची जळजळ, पायाची न भरणारी जखम, सगळं "वयाचं" म्हणून खपवतो. आणि आपण घरचेही ते मान्य करतो.

म्हणून शिबिरं भरवणारी मंडळं, ज्येष्ठ नागरिक संघ, नगरसेवक, सरपंच यांना विनंती. फ्लेक्सवर एक फोटो कमी छापा, पण पुढच्या शिबिरात दाताचा एक डॉक्टर बसवा. एक आरसा आणि टॉर्च लागते. पाय आणि लघवीही तपासा. ज्यांना उपचार लागतील त्यांची यादी करून जिल्हा रुग्णालयाच्या दंत विभागात पाठवा, आणि महिन्याभरानं ते गेले का ते विचारा. नुसतं शिबिर भरवून भागत नाही.

आणि तुम्ही? आज रात्री जेवताना बघा, तुमचे वडील एकाच बाजूनं चावतायत का.