मडगार्ड : घरच्या अंगणातील एक शस्त्रक्रिया

जयपूरला बदली झाली, तेव्हा बँकेच्या वाहनकर्ज विभागात माझी नेमणूक होती. त्या नात्याने शेकडो गाड्यांची कागदपत्रे नजरेखालून गेली. परंतु एखाद्या गाडीचे अंग ग्राइंडरने कापले जाताना पाहण्याचा योग मात्र निवृत्तीनंतर, भाच्याच्या अंगणात आला. भाचा जयपुरातच स्थायिक झाला आहे. झालाना येथील बिबट्यांच्या सफारीत धावणाऱ्या उघड्या जिप्सी पाहून त्याच्या मनाने घेतले आणि बँकेचे कर्ज काढून त्याने एक जुनी जिप्सी घेतली. या गाडीचे उत्पादन २०१८ मध्ये बंद झाले असले, तरी तिच्यावरचे प्रेम अद्याप ओसरलेले नाही.

मूळ टायर २०५/७० आर १५ मापाचे होते. वाळूत नि खडकाळ वाटांवर गाडी उंच राहावी म्हणून त्याने २३५/७५ आर १५ मापाचे टायर बसविले. वाचकांनी हा हिशेब जरूर करून पाहावा. पहिल्या टायरचा व्यास सुमारे ६६८ मिलिमीटर, तर दुसऱ्याचा ७३३. याचा अर्थ गाडी ३३ मिलिमीटरने उंचावली. पण वेगमापक आता खोटे बोलू लागला. काटा साठ दाखवी, तेव्हा गाडी प्रत्यक्षात सहासष्टच्या वेगाने धावत असे. शिवाय स्टिअरिंग पूर्ण वळविले की टायर मडगार्डच्या कडेला घासे आणि एक चाक उंचवट्यावर चढले की आतल्या पत्र्यावर आपटे. यावरचा उपाय त्याने घरीच केला, तो म्हणजे पत्रा कापणे.

कौतुकाचा भाग आधी सांगितला पाहिजे. काम त्याने आंधळेपणाने केले नाही. आधी बॅटरीचे टोक सोडले, डोळ्यांना चष्मा लावला, एका बाजूचे चाक लाकडी ठोकळ्यांवर चढवून टायर कुठे कुठे लागतो त्या जागा खडूने आखल्या. मगच ग्राइंडर हाती घेतला. कापलेली कड कानशीने घासली, रेड ऑक्साईडचा हात दिला, लांबी भरली आणि रबरी पट्टी बसविली. आपल्याकडे कोकणात अशी उघडी कड एका पावसाळ्यात गंजली असती; जयपूरच्या कोरड्या हवेत तो धोका सावकाश येतो. वस्तू बिघडली की मिस्त्रीला बोलावणे एवढेच आम्हा नोकरदारांना ठाऊक. स्वतःच्या हातांनी काही करू पाहणाऱ्या तरुणाला सरसकट दोष देणे मला तरी जमत नाही.

तरीही माझा विरोध आहे आणि तो दोन गोष्टींसाठी. पहिली गोष्ट पत्र्याच्या स्वरूपाची. जिप्सीचे पुढचे मडगार्ड बोल्टने जोडलेले असते. चुकले तर सोडून दुसरे बसविता येते. मागचा पत्रा मात्र गाडीच्या अंगाचाच भाग असतो. तो कापला की कापला! भाच्याने पुढचा नि मागचा, दोन्ही कापले.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. मडगार्ड ही शोभेची वस्तू नाही. चाकाने उडविलेला दगड अडविण्यासाठी ती आहे. रुंद टायर पत्र्याबाहेर डोकावू लागला होता आणि त्यावर आच्छादन बसवायचे ‘पुढच्या रविवारी’ ठरले होते. तो रविवार उजाडण्यापूर्वीच आमेर रस्त्यावर या चाकातून उडालेला खडा मागून येणाऱ्या एका मोटारसायकलस्वार दूधवाल्याच्या भुवईवर बसला. चार टाके पडले. डोळा थोडक्यात वाचला. इस्पितळाचा खर्च भाच्याने निमूट भरला. त्या रात्री तो जेवला नाही.

कायदा काय म्हणतो, हेही ग्राहकांनी जाणून घ्यावे. मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ निर्मात्याने ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत असे फेरफार करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी हीच भूमिका ठामपणे घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, अथवा प्रत्येक फेरफारासाठी पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्हींची तरतूद केली. येथे कोणी म्हणेल की नोंदणी प्रमाणपत्रात मडगार्डचा रकानाच नाही. खरे आहे, आणि कायद्याने किरकोळ बदल व मूलभूत बदल यांतील सीमारेषा सामान्य माणसाला कळेल अशी आखायला हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र या त्रुटीच्या आडोशाला उभे राहून मोठे टायर बसविणे शहाणपणाचे नव्हे.

बँकेच्या ग्राहकासाठी आणखी एक बाब महत्त्वाची आहे. कर्ज फिटेपर्यंत गाडी बँकेकडे तारण असते आणि नोंदणी पुस्तिकेत तशी नोंद असते. तारण वस्तूचे अंग कापण्यापूर्वी शाखेत एक पत्र द्यावे, विमा कंपनीलाही लेखी कळवावे. यांत खर्च असा काही नाही. अर्थात नोकरीच्या काळात असे पत्र घेऊन माझ्याकडे कोणीही आले नाही, हेही प्रामाणिकपणे नमूद करतो. आले असते, तर ते कोणत्या फाइलीत लावायचे हे मलाही विचारावे लागले असते.

भाच्याने मूळ मापाचे टायर पुन्हा चढविले आहेत. पुढच्या बाजूला भंगारवाल्याकडून आणलेली मडगार्डे बसविली. मागच्या पत्र्याला मात्र तुकडा जोडून वेल्डिंग करावे लागले आणि रंग अजून जुळलेला नाही. मोठे टायर ओसरीत पडून आहेत. कर्जाचे चौदा हप्ते बाकी आहेत. ते दूधवाले काका येताजाता भेटले की भाचा गाडी थांबवून त्यांची विचारपूस करतो.