लकव्याच्या वर्गणीला भिशीची चाल

आजारपणाचा हिशेब : साप्ताहिक स्तंभ
गिरणाकाठकर

तिशीतल्या कुणाच्या अंगावरून वारं गेलं की धरणगावसारख्या तालुक्याच्या गावात पुढचे दोन दिवस कसे जातील, हे आता ठरल्यासारखंच असतं. अतिदक्षता विभागातला नळ्या लावलेला फोटो, त्याखाली क्यूआर कोड, कळवळून लिहिलेली दोन वाक्यं. आणि दहावीच्या बॅचपासून बाजार समितीच्या गटापर्यंत तो निरोप फिरतो. पैसे जमतातही. कुणी पाचशे टाकतं, कुणी एकावन्न. या देण्याबद्दल माझी तक्रार नाही, त्याच्या वेळेबद्दल आहे. लकव्याची वर्गणी आपण पहिल्याच आठवड्यात उरकून टाकतो, आणि ज्या दुखण्यासाठी ती हवी असते ते सहाव्या महिन्यातही घरात खाटेवर पडून असतं.

पहिल्या दिवशी कमी पडतो तो वेळ. रक्तवाहिनीत गुठळी अडकून येणाऱ्या झटक्यात मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी दर मिनिटाला मरतात, असा हिशेब अमेरिकी मेंदूतज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये मांडला. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री पटल्यावर. धरणगावाहून जळगाव तीसेक किलोमीटर. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळू लागलं, की तेव्हाच १०८ ला फोन केला तर हे गणित जमण्यासारखं आहे. पण 'उन्हाची चक्कर असेल, पडू दे थोडा वेळ' म्हणण्यात किंवा लकव्याचं झाडपाल्याचं औषध मिळतं त्या गावाची वाट धरण्यात दुपार सरते. हा म्हाताऱ्यांचा आजार, ही समजूत त्यात भर घालते. लहानपणीच्या ऱ्हुमॅटिक तापाने बिघडलेली हृदयाची झडप, बाळंतपणानंतर मेंदूच्या शिरेत झालेली गुठळी, सिकलसेल, कधीच न मोजलेला रक्तदाब, ही सगळी कारणं तरुणांना गाठणारी आहेत. गेलेले तास कोणतीही वर्गणी परत आणत नाही.

राहिलं रुग्णालयाचं बिल. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळे होतं. जळगावला ती पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात पोचली. तीच आजची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. तिची मर्यादा आता कुटुंबाला वर्षाकाठी पाच लाख आहे आणि रेशनकार्डाच्या रंगाची अट गेली आहे. शिवाय मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाने बांधलेली धर्मादाय रुग्णालयं आहेत : १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत, आणि एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत. हे पैसे आधीच गोळा झालेले आहेत, आपल्याच खिशातून. ते न मागता नवी वर्गणी काढणं म्हणजे विहिरीला पाणी असताना टँकर बोलावणं.

यावर उत्तर तयार असतं : हे सगळं कागदावर. ते खोटं नाही. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयाने गर्भवतीकडे दहा लाखांची अनामत मागितल्याचा आरोप झाला आणि राज्यभर गदारोळ उठला. योजनेत नसलेलं रुग्णालयच जवळ असेल तर पहिल्या तासांत तिथेच जावं, तिथे नियमावली उघडून बसू नये. पण योजना आपोआप मिळत नाही म्हणून मागायचीच नाही, हे तर्कात बसत नाही. मित्रमंडळींपैकी एकाने निरोप लिहायला घेण्याआधी दुसऱ्याने रुग्णालयातल्या योजनेच्या आरोग्यमित्राच्या टेबलाशी उभं राहावं. तातडीच्या रुग्णाला फोनवरून मंजुरी मिळण्याची सोय याच योजनेत आहे. तिसऱ्याने रुग्णालयाच्या समाजसेवा कक्षात उत्पन्नाचा दाखला द्यावा. एवढं करूनही बिल उरलं, तर उरलेल्याचा आकडा सांगून खुशाल मागावं.

खरी पोकळी घरी आल्यावर दिसते, आणि या आजाराबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं ते इथेच. हातापायाची ताकद परत येण्याचा सर्वांत मोलाचा काळ पहिल्या तीन ते सहा महिन्यांचा. त्या काळात व्यायाम नेमाने व्हायला हवा, रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चुकता कामा नयेत, वाचा गेली असेल तर तिचे वेगळे उपचार. योजनेचा पैसा मुख्यतः दाखल रुग्णाच्या उपचारांचा. मुख्यमंत्री सहायता निधीची मदतही रुग्णालयाच्या खात्यात जाते. घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टचे रोजचे तीनशे रुपये धरले तरी वर्षाला लाखाच्या वर जातात. त्यात कमावता हात खाटेवर, आणि त्याला उठवायला-बसवायला बायको किंवा आई घरी, म्हणजे दोन मजुऱ्या बुडाल्या. या मजुऱ्यांचं बिल कुणी छापत नाही, म्हणून त्यासाठी वर्गणीही निघत नाही. काठी टेकत दारापर्यंत जाणाऱ्या माणसाचा फोटो कुणाला पुढे पाठवावासा वाटत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की या वर्गणीने भिशीची चाल घ्यावी. गल्लोगल्ली भिशी चालते. दर महिन्याला ठरलेली रक्कम टाकायची आणि हिशेब चारचौघांत ठेवायचा, हे कुणाला शिकवावं लागत नाही. शंभर जणांनी महिन्याला दोनशे दिले तर वीस हजार होतात, वर्षाचे दोन लाख चाळीस हजार. लोक सहा महिने टिकणार नाहीत, असा आक्षेप येईल. काही गळतीलच. पण एकरकमी वर्गणीत तर दुसऱ्या आठवड्यालाच सगळे गळतात. दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे : संकटातल्या घराकडे हिशेब मागणं बरं दिसतं का? घराकडे मागूच नये. पैसा दोघा-तिघांच्या संयुक्त खात्यात असावा, त्यांनीच फिजिओथेरपिस्टला आणि औषधाच्या दुकानाला द्यावा. त्यामुळे घरात नवा मोबाइल दिसला की कुजबुजणाऱ्यांची तोंडंही बंद होतील. गणेश मंडळं वर्गणी गोळा करायला दरवर्षी धर्मादाय कार्यालयाची कलम ४१-क ची परवानगी काढतात. माणसासाठी गोळा करताना धर्मादाय कार्यालयात विचारून घ्यायला कुणाची हरकत नसावी.

सरकारची जबाबदारी आपण उचलायची का, हा प्रश्नही रास्त आहे. पुनर्वसन योजनेत यायलाच हवं, आणि तालुक्याच्या रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट हवाच. तोवर फोटोंच्या शर्यतीवर विसंबणं मात्र फार महाग पडतं. मुंबईतल्या एका तान्ह्या मुलीसाठी २०२१ मध्ये १६ कोटींचं इंजेक्शन लोकांच्या पैशांतून आलं, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. पण अमेरिकेत २०१६ ते २०२० मधल्या चार लाखांहून अधिक वैद्यकीय आवाहनांच्या अभ्यासात जेमतेम १२ टक्क्यांनी आपला आकडा गाठला आणि १६ टक्क्यांना एक पैसाही मिळाला नाही. ज्याची ओळख मोठी, त्याची झोळी मोठी. जिनिंगमधल्या हमालाचा फोन किती गटांत असेल?

भिशीला मात्र ओळख गल्लीपुरती असली तरी चालते. हप्ताही सगळ्यांचा सारखा नको. शिक्षकाचा, तलाठ्याचा एक तारखेनंतर, दुकानदाराचा बाजाराच्या दिवशी, आणि शेतकऱ्याचा कापूस विकून पैसे हातात पडल्यावर, वर्षाचा एकदम.