सुट्टीत खिचडी बंद. मग मुलांनी जेवायचं कुठं? पेण-रोह्यातला दीड महिन्याचा प्रश्न

मे महिन्याच्या सुरुवातीला शाळांना सुट्टी लागते आणि पेण-रोह्यातल्या जिल्हा परिषद शाळांमधली चूल विझते. ती पुन्हा पेटते जूनच्या मध्यावर. सुखवस्तू घरातल्या मुलांसाठी हा काळ आंबे, फणस आणि मामाच्या गावाचा असतो. डोंगरालगतच्या कातकरी आणि ठाकूर वाड्यांवर मात्र शाळेतली खिचडी हे अनेक मुलांचं दिवसातलं खात्रीचं जेवण असतं. सुट्टी लागली की ही खात्री जाते.

याला प्रशासनाची हयगय म्हणता येत नाही, कारण ही फट कायद्यातच आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५ नुसार सहा ते चौदा वर्षांच्या किंवा आठवीपर्यंतच्या मुलांना सरकारी आणि अनुदानित शाळांत रोज एक मोफत जेवण मिळण्याचा हक्क आहे. पण त्याच वाक्यात ‘शाळेच्या सुट्ट्या वगळून’ अशी अटही आहे. योजनेचा हिशेबही त्याच बेताने बसवलेला आहे. स्वयंपाकी आणि मदतनीस महिलांच्या मानधनाचा केंद्राचा निकष वर्षातले दहाच महिने धरतो. उरलेल्या दोन महिन्यांत त्या बाईची चूल कशावर चालते, हा वेगळाच विषय आहे.

दुष्काळ पडला तरच

सुट्टीत जेवण देण्याची सोय देशात अजिबात नाही, असं नाही. अन्नाच्या हक्कासाठी पीयूसीएलने केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी शाळेत शिजवलेलं अन्न देण्याचा आदेश दिला. त्याच खटल्यात २० एप्रिल २००४ रोजी आणखी एक आदेश आला: दुष्काळग्रस्त भागात उन्हाळी सुट्टीतही मध्यान्ह भोजन द्यावं. महाराष्ट्रात दुष्काळाच्या वर्षी सुट्टीत पोषण आहार सुरू ठेवला जातो, तो याच आधारावर.

इथे रायगड मार खातो. दुष्काळ ठरतो पाऊस, पीक, भूजल आणि जमिनीतला ओलावा पाहून. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्याने ४० तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यांत रायगडचा एकही नव्हता. असण्याचं कारणही नव्हतं, कोकणात पाऊस धो धो पडतो. पण पावसाचं पाणी मोजून मुलांची भूक कळत नाही. ज्याच्याकडे शेतच नाही, त्याला पीक आलं काय आणि गेलं काय! मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबाचा दुष्काळ सरकारी निकषांत मावत नाही.

एकदा मात्र दुष्काळाच्या निकषाबाहेर जाऊन हे घडलं. २०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद झाल्या, तेव्हा केंद्राने उन्हाळी सुट्टीतही मुलांना आहार किंवा धान्य देण्याला मंजुरी दिली आणि त्यासाठी सुमारे १,६०० कोटी रुपयांचा जादा खर्च धरला. राज्यात तांदूळ आणि कडधान्य पालकांच्या हाती दिलं गेलं. म्हणजे मनात आणलं तर हे करता येतं. साथ ओसरली आणि ‘सुट्ट्या वगळून’ पुन्हा लागू झालं.

मुलं आहेत कुठं?

२०११ च्या जनगणनेनुसार रायगडची लोकसंख्या २६ लाख ३४ हजार, त्यात अनुसूचित जमातींचे लोक सुमारे ३ लाख ५ हजार. त्यातला मोठा भाग कातकऱ्यांचा. माडिया गोंड आणि कोलाम यांच्यासोबत कातकरी ही राज्यातली तिसरी ‘विशेष असुरक्षित’ आदिवासी जमात. पेणला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे, पण जिल्हा पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात येत नाही.

कातकरी कुटुंबांचं वर्ष वेगळ्या पंचांगावर चालतं. भातकापणी आटोपली, दिवाळी झाली की बरीच कुटुंबं वीटभट्ट्यांवर किंवा कोळसा पाडायला निघतात. मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल फेडायची असते. परततात ती मृगाच्या तोंडावर. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत वाडीवर जेवणाचं केंद्र उघडलं, तर तिथे आजी-आजोबांकडे ठेवलेली मुलं येतील. भट्टीवर गेलेली येणार नाहीत. त्यांच्यासाठी केंद्र भट्टीवरच हवं. ही कल्पना नवी नाही. ‘विधायक संसद’ने ठाणे जिल्ह्यात वीटभट्ट्यांवरच ‘भोंगाशाळा’ चालवून मुलांमागे शाळा नेता येते हे दाखवलं होतं. शाळा जाऊ शकते, तर पातेलं का नाही?

आणखी एक गुंता वयाचा आहे. अंगणवाडी वर्षाला ३०० दिवस आहार देते आणि ती मे महिन्यातही चालू असते. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला तिथे गरम जेवण मिळतं. त्याला कडेवर घेऊन येणाऱ्या आठ वर्षांच्या बहिणीला मिळत नाही, कारण तिची नोंद शाळेत आहे आणि शाळा बंद आहे. एकाच घरातल्या दोन ताटांत वयाची रेघ ओढली जाते. हाताशी असलेला सर्वांत सोपा उपाय खरं तर इथेच दिसतो: अंगणवाडीचीच चूल दीड महिना थोडी मोठी करायची.

खर्च किती?

शाळेच्याच दराने मोजून पाहू. १ मे २०२५ पासून पहिली ते पाचवीसाठी साहित्याचा खर्च प्रति विद्यार्थी प्रतिदिन ६ रुपये ७८ पैसे आहे. तांदूळ वेगळा, १०० ग्रॅम. २ मे ते १४ जून अशी सुट्टी धरली, तर रविवार सोडून साधारण ३८ दिवस होतात. तीस मुलांच्या वाडीला डाळ, तेल, भाजी, मसाला यांना सुमारे ७,७०० रुपये आणि ११४ किलो तांदूळ लागेल. स्वयंपाक करणाऱ्या बाईचं मानधन महिना अडीच हजारांच्या दराने दीड महिन्याचं ३,७५० रुपये. एकूण साडेअकरा हजारांच्या आत. पावणेसात रुपयांत चांगलं जेवण होत नाही, हे कोणतीही गृहिणी सांगेल. म्हणून साहित्याचा दर दुप्पट धरा, आठवड्यातून दोनदा अंडं द्या. तरी आकडा पंचवीस हजारांच्या आसपास राहतो. गावातल्या एका मध्यम लग्नाच्या मांडवाचंही भाडं यात भागत नाही.

पैसा तालुक्यांत नाही, असं कुणी म्हणू शकणार नाही. पेण तालुक्यात डोलवीला पोलाद कारखाना आहे, रोह्याला धाटावची औद्योगिक वसाहत आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली ठरावीक आकारावरच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. सातव्या अनुसूचीत त्यासाठी जे विषय दिले आहेत, त्यांत पहिल्याच ओळीत भूक आणि कुपोषण आहे. कारखान्याच्या परिसराला प्राधान्य द्यावं, असंही कायदा म्हणतो. अडचण अशी की वर्गखोली किंवा पाण्याची टाकी यांवर नावाची पाटी लावता येते. खिचडी दुपारी संपते.

अन्नदान आणि रोजचं जेवण

समाजाच्या सहभागाची सरकारी वाटही आहे. गुजरातमध्ये रुजलेली ‘तिथी भोजन’ ही कल्पना केंद्राने पोषण आहार योजनेत घेतली. महाराष्ट्रात तिला ‘स्नेहभोजन’ म्हणतात. वाढदिवस, पुण्यतिथी, सण अशा निमित्ताने कुणीही शाळेतल्या मुलांना जेवण किंवा गोडधोड देऊ शकतो. पण हे नेहमीच्या आहाराला जोड म्हणून आहे. मूळ आहारच बंद असेल, तर जोड कशाला द्यायची?

पेण-रोह्यात अन्नदानाला तोटा नाही. जत्रा, उत्सव, हरिनाम सप्ताह, प्रत्येक ठिकाणी पंगती उठतात. मात्र तो एक दिवसाचा मामला असतो, तोही गावात. वाडी गावाबाहेर असते आणि त्या पंगतीत आपल्याला किती मोकळेपणाने बसता येईल, याचा अंदाज वाडीवरच्या माणसाला असतो. देणाऱ्याबरोबर फोटो काढून घेण्यासाठी ताट हातात धरून उभं राहणं मुलांनाही आवडत नाही. रोजच्या जेवणाला दात्याच्या उत्साहापेक्षा हजेरीपट, साठ्याची वही आणि वेळेवर येणारी माणसं लागतात.

अमेरिकेत अशी उन्हाळी भोजन योजना १९६८ पासून आहे. सरकार प्रत्येक जेवणामागे पैसे देतं. शाळा, नगरपालिका किंवा सेवाभावी संस्था ‘प्रायोजक’ म्हणून जबाबदारी घेते आणि बागेत, वाचनालयात, प्रार्थनास्थळात केंद्रं चालवते. गरीब वस्तीतल्या खुल्या केंद्रावर अठरा वर्षांपर्यंतचं कोणतंही मूल कागद न दाखवता जेवू शकतं. तिथेही खेड्यांत ही पद्धत अडली. केंद्र दूर, वाहन नाही, आणि नियम असा की जागेवर बसूनच खायचं. अखेर २०२३ पासून ग्रामीण भागात डबा नेण्याची मुभा मिळाली आणि २०२४ पासून सहभागी राज्यांत पात्र मुलामागे उन्हाळ्याचे १२० डॉलर थेट कार्डावर येऊ लागले. सुधागडच्या किंवा रोह्याच्या डोंगरातल्या वाडीचं अंतर ज्यांना माहीत आहे, त्यांना ही अडचण परकी वाटणार नाही.

भागीदारीत सर्वांत नाजूक जागा सुरक्षिततेची आहे. २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतल्या जेवणातून विषबाधा होऊन २३ मुलं दगावली. शाळेत निदान मुख्याध्यापक जबाबदार असतात, जेवण आधी चाखण्याचा नियम असतो. सुट्टीत संस्था, कंपनी, बचत गट आणि ग्रामपंचायत असे चौघे एकत्र आले, तर अन्न बिघडल्यावर उत्तर कुणी द्यायचं हे पहिल्याच दिवशी कागदावर हवं. पैसे कंपनीने द्यावेत, शिजवावं शाळेच्याच स्वयंपाकीण बाईंनी, हिशेब शाळा व्यवस्थापन समितीने ठेवावा आणि जबाबदारी ग्रामपंचायतीने घ्यावी, ही मांडणी सर्वांत कमी धोक्याची दिसते. त्या बाईंना वाडीतलं प्रत्येक मूल नावानिशी माहीत असतं आणि सुट्टीचे दोन महिने त्यांनाही कामाची गरज असते.

वेळापत्रकाचाही प्रश्न आहे. कंपन्यांचं आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, म्हणजे मे महिन्याच्या जेवणाचा खर्च आदल्या फेब्रुवारी-मार्चमध्येच मंजूर व्हायला हवा. भट्ट्यांवर किती मुलं आहेत ही मोजणी त्याच्याही आधी, जानेवारीत करावी लागते. कारण मार्चनंतर काही मुकादम कुटुंबांना दुसऱ्या भट्टीवर हलवतात आणि वहीत नाव असलेलं मूल तिथे सापडत नाही.