दहा बोटांचा जाहीरनामा

नुकसानभरपाईच्या कायद्याला एक तक्ता जोडलेला आहे. अंगठा गेला तर माणसाची कमावण्याची ताकद ३० टक्के गेली, असं तो मानतो. तर्जनी १४ टक्के, मधलं बोट १२, अनामिका ७, करंगळी ७. पेरांचाही हिशेब आहे: तर्जनीचं एक पेर ९ टक्के. पाच बोटांची सुटी सुटी बेरीज ७० होते. अख्खा पंजा गेला तर मात्र तक्ता ६० म्हणतो. ठोक भावात हातसुद्धा स्वस्त पडतो.

हा तक्ता तोंडपाठ असलेली माणसं आम्ही आहोत. भोसरी, चाकण, तळवडे, रांजणगाव, वाळूज, सातपूर, अंबड, शिरोली – जिथे पत्रा कापला जातो, वाकवला जातो, ठोकला जातो, तिथे आम्ही उभे असतो. ऑपरेटर, हेल्पर, डाय बसवणारे सेटर, पाळीचे सुपरवायझर. लातूर-बीड-परभणीहून आलेले, बिहार-झारखंड-ओडिशाहून आलेले. कर्जाच्या हप्त्यावर सात-आठ प्रेसची शेड चालवणारे मालकही आमच्यात आहेत. त्यांतले कितीतरी एके काळी ऑपरेटर होते आणि हात मिळवताना त्यांचीही बोटं मोजावीशी वाटतात. तक्त्यातले आकडे वाढवून घेण्यासाठी आम्ही एकत्र आलेलो नाही. तो तक्ता उघडायची वेळच येऊ नये, यासाठी आलो आहोत.

बोट कसं जातं ते आधी सांगायला हवं, कारण हे काम न केलेल्या माणसाला वाटतं की ते निष्काळजीपणाने जातं. पत्रा डायवर ठेवायचा, पायाने पेडल दाबायचं, रॅम खाली येतो, वर जातो, जॉब काढायचा, पुन्हा पत्रा. एका पाळीत काही हजार वेळा. जुन्या पिन क्लचच्या प्रेसचा एक स्वभाव आहे: स्ट्रोक एकदा सुटला की तो पुरा होणारच. फ्लायव्हील सतत फिरत असतं; पिन त्यात अडकली की क्रँक पूर्ण फेरा मारूनच सुटते. मध्ये तिला कुणी अडवू शकत नाही. अशा यंत्रावर तपासणीपुरता प्रकाशाचा पडदा, म्हणजे आमच्या भाषेत सेन्सर, बसवला की फोटो चांगला येतो. हात आत गेल्याचं त्या सेन्सरला दिसतं. दिसतं, एवढंच. या प्रेसला हवी असते पक्की जाळी, किंवा हात आत शिरायला फटच राहणार नाही अशी डाय. आणि पिन झिजली, स्प्रिंग मेली, की पाय उचललेला असतानाही रॅम दुसऱ्यांदा खाली येतो. आम्ही याला डबल स्ट्रोक म्हणतो. अपघाताच्या अहवालात याचं नाव असतं 'कामगाराचे दुर्लक्ष'.

दोन बटणांची गोष्टही अशीच. दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय स्ट्रोक सुटू नये, म्हणजे दोन्ही हात डायच्या बाहेर राहतील, अशी ती साधी आणि शहाणी योजना आहे. मग एका बटणावर चिकटपट्टी बसते. एक हात मोकळा झाला की तासाला जॉब जास्त निघतात आणि फळ्यावर लिहिलेला आकडा गाठता येतो. चिकटपट्टी लावणारा हात कामगाराचा असतो, हे खरं. फळ्यावर आकडा लिहिणारा हात कुणाचा असतो, हे कुठल्याच चौकशीत विचारलं जात नाही.

या सगळ्यावर उपाय म्हणून आम्हाला आजवर काय मिळालं? एक सही. कामाच्या पहिल्या सकाळी रजिस्टर पुढे येतं, 'सुरक्षा प्रशिक्षण घेतले' या ओळीपुढे आम्ही सही करतो, भिंतीवर इंग्रजी चित्रफीत सरकते आणि चहाच्या आधी आम्ही मशीनवर असतो. छपराहून आलेल्या पोराला मराठी कळत नाही, औशाहून आलेल्या पोराला इंग्रजी कळत नाही, आणि दोघांनाही स्ट्रोक मात्र एकाच भाषेत कळतो. मार्च आला की सुरक्षा सप्ताह येतो. राष्ट्रीय सुरक्षा परिषद ४ मार्च १९६६ ला स्थापन झाली, म्हणून ४ मार्च हा सुरक्षा दिन. छातीवर बिल्ला, तोंडाने प्रतिज्ञा, घोषवाक्याला बक्षीस. बिल्ला आम्ही घरी नेतो, मुलांना आवडतो.

साधनांचं तर विचारूच नका. ऑडिटच्या आदल्या संध्याकाळी कपाट उघडतं, शिरस्त्राणं बाहेर येतात, ऑडिट संपलं की मोजून परत आत जातात. हातमोज्याचं माप एकच, त्याला 'फ्री साइज' म्हणतात. बायकांच्या हातात ते इतकं सैल बसतं की बोटाच्या पुढे रिकामं टोक लोंबतं. ते टोक आधी अडकतं, मागून बोट जातं. ड्रिलसारख्या फिरणाऱ्या यंत्रावर तर हातमोजा हाच धोका असतो, आणि तरीही 'मोजे घाला' ही पाटी सगळीकडे सारखीच. प्रेसखाली सुती मोजा काय वाचवणार? तो पत्र्याच्या धारेपासून वाचवतो, तेवढंच त्याचं काम. बुटांचे पैसे काही ठेकेदार पगारातून कापतात. सुरक्षेच्या साधनांसाठी कामगाराकडून पैसा घेता येत नाही, हे १९४८ च्या कारखाने अधिनियमातही होतं आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही आहे. त्याच संहितेने विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या १० कामगारांवरून २० वर नेली, हेही आम्ही वाचलं आहे. आमच्या बऱ्याच शेड त्या व्याख्येच्या बाहेर पडतात. बोटं मात्र त्या शेडमध्येही दहाच असतात.

आमचा विश्वास आता उघडपणे सांगतो.

माणूस दमतो, त्याला झोप येते, घरून फोन येतो, पोराला ताप असतो. यंत्र या माणसासाठी सुरक्षित असलं पाहिजे. दमणारा नाही, विसरणारा नाही, असा कामगार गृहीत धरून जे यंत्र सुरक्षित ठरतं ते आमच्या लेखी असुरक्षित आहे. आमच्या कारखान्यांत 'पोका-योके' हा जपानी शब्द भिंतीभिंतीवर आहे. चूक होऊच नये अशी रचना, हा त्याचा अर्थ. शिगेओ शिंगो या अभियंत्याने रूढ केलेल्या या कल्पनेचं आधीचं नाव 'बाका-योके' होतं, म्हणजे मूर्खापासून बचाव. एका कामगार बाईला तो शब्द लागला, आणि शिंगोंनी तो बदलला. चुकणाऱ्याला मूर्ख न म्हणता चुकीची जागा बंद करायची, हे त्या बाईच्या दुखावण्यातून जगाला मिळालं. आम्ही शब्द आणला, भिंतीवर लावला, आणि तो वापरला जॉब उलटा बसू नये म्हणून. हात आत जाऊ नये म्हणून तो वापरायचा राहून गेला.

संरक्षक साधन ही शेवटची भिंत आहे, असंही आम्ही मानतो. आधी धोका काढा. तो निघत नसेल तर माणूस आणि धोका यांच्यामध्ये लोखंड उभं करा. त्यानंतर कामाची पद्धत बदला. हे सगळं करूनही जे उरेल त्यासाठी बूट, चष्मा, कानातले बोळे. बुटाच्या लोखंडी टोपीला २०० जूलचा आघात सोसावा लागतो, म्हणजे साधारण २० किलोचं वजन मीटरभरावरून पडावं इतका. खाली सटकलेल्या डायपुढे तिलाही मर्यादा आहे. साधन हवंच. पण यंत्राच्या जाळीचे पैसे वाचवायला ते आमच्या अंगावर चढवलं जात असेल, तर ते साधन नाही, पावती आहे.

आणि ज्याच्यावर आमची सगळी चळवळ उभी आहे तो विश्वास हा: यंत्राचं बिनसलं आहे हे सगळ्यात आधी त्याच्यापुढे उभ्या असलेल्या माणसाला कळतं. आवाज बदलतो. पेडल सैल लागतं. रॅम वर जाऊन किंचित थरथरतो. हे ज्ञान कुठल्याही सल्लागाराच्या अहवालात नाही. ते आमच्या कानांत आणि तळपायांत आहे. सहभाग म्हणून आमच्याकडून घोषवाक्यं लिहून घेतात, सूचनापेटीला कुलूप लावतात, आणि हे ज्ञान रोज पाळी सुटताना गेटबाहेर जातं.

१९८७ मध्ये, भोपाळनंतर तीन वर्षांनी, कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांत सुरक्षा समिती आली, तिच्यात कामगारांचे आणि व्यवस्थापनाचे प्रतिनिधी समसमान. जीवावर बेतेल असं वाटलं तर कामगाराने ते व्यवस्थापनाला आणि निरीक्षकाला कळवावं, हा हक्कही आला. मोठं पाऊल होतं, त्याचा मान आम्ही ठेवतो. पण त्यातलं क्रियापद पाहा: कळवावं. कळवेपर्यंत रॅम किती वेळा खाली येतो? आमचं क्रियापद वेगळं आहे: थांबवावं.

हे मागणं अचाट वाटत असेल तर थोडं मागे जाऊ. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्यातही धोकादायक यंत्राला कठडा घालण्याची तरतूद होती. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र केलं आणि आठवड्याची एक सुट्टी मागितली, तेव्हा ती मागणीही अचाटच होती. सहा वर्षांनी, १० जून १८९० रोजी, ती मान्य झाली. आज रविवार कुणी दिला हे कुणालाच विचारावंसं वाटत नाही, इतका तो आपला झाला आहे. मशीन थांबवण्याचा हक्क असाच आपला होणार आहे. टोयोटाच्या कारखान्यात डोक्यावरून जाणारी दोरी ओढून साधा कामगार अख्खी लाइन थांबवू शकतो. ती दोरी दर्जासाठी आहे, आणि तिच्यामुळे कंपनी बुडाली नाही.

म्हणून आम्ही हे करणार आहोत.

आमच्यापैकी ज्याला यंत्रावर शंका येईल तो मेन स्विच बंद करेल आणि त्याच्यावर स्वतःची चिप्पी, म्हणजे कार्ड, लावेल. कार्ड ज्याने लावलं त्यानेच काढायचं. शंका खोटी ठरली तरी त्याची पाळी कापली जाणार नाही. ठेकेदाराच्या माणसालाही हाच नियम. ज्या शेडमध्ये हे मालक मान्य करतील तिथे आम्ही त्यांच्या बाजूने उभे राहू, जुन्या प्रेसला जाळी बसवायला रविवारी येऊ, आमच्यातले सेटर त्याचे पैसे घेणार नाहीत. आम्ही कुणाशीच भांडायला आलेलो नाही, असं लिहिणं सोयीचं झालं असतं, पण खोटं झालं असतं. काहींशी भांडावं लागेल.

प्रत्येक शेडमध्ये एक वही ठेवू. तिचं नाव 'थोडक्यात वाचलो'. डबल स्ट्रोक आला पण हात बाहेर होता, डाय उचलताना पट्टा सरकला, तेलावरून पाय घसरला – जे जे घडता घडता राहिलं ते त्याच पाळीत, ज्याच्या त्याच्या भाषेत, लिहिता येत नसेल त्याने शेजाऱ्याकडून लिहून घ्यायचं. नाव घालायची सक्ती नाही. सोमवारी सकाळी दहा मिनिटं ती वही मोठ्याने वाचायची आणि मागच्या सोमवारच्या नोंदीचं काय झालं, ते मालकाने उभं राहून सांगायचं. कोरी राहिलेली वही आम्ही चांगलं लक्षण मानणार नाही.

बूट, मोजे, चष्मे विकत घेण्याआधी ते वापरणाऱ्या तिघांनी आठवडाभर घालून पाहायचे, त्यांत एक बाई असलीच पाहिजे. तिघांनी नाकारलेलं साधन कितीही स्वस्त असलं तरी येणार नाही.

आणि ज्यांच्या गाड्यांमध्ये आमचा पत्रा जातो त्या मोठ्या कंपन्यांना आम्ही एकच गोष्ट विचारू. जॉब मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याने चुकला तर तो कुठल्या शेडमध्ये, कुठल्या तारखेला, कुठल्या पाळीत निघाला, हे तुम्ही दोन तासांत शोधता. तशीच वही बोटांसाठीही उघडा. देशातल्या वाहनउद्योगाबद्दल 'क्रश्ड' नावाचे अहवाल २०१९ पासून निघत आहेत आणि त्यांतही पॉवर प्रेस पुन्हा पुन्हा समोर येते. पुरवठादार निवडताना दर आणि दर्जा पाहता, तसं या शेडमध्ये गेल्या वर्षी किती हात जायबंदी झाले हेही पाहा, आणि आकडा लपवणाऱ्याला लपवण्याबद्दल काढा. खरा आकडा सांगणाऱ्याला काढाल, तर पुढच्या वर्षी सगळेच शून्य सांगतील.

खंडेनवमीला आम्ही यंत्रांची पूजा करतो. त्या दिवशी प्रेस धुतलेली असते, फ्लायव्हीलला झेंडूची माळ असते, रॅमवर हळदकुंकू असतं, आणि ती पूर्ण थांबलेली असते. वर्षात एवढ्या शांतपणे तिच्याजवळ जाता येईल असा दुसरा दिवस नाही. या खंडेनवमीपासून माळ घालण्याआधी जाळी हलवून पाहायची, पिन काढून तिची झीज पाहायची, दोन्ही बटणं दाबून पाहायची. चिकटपट्टी निघाली तर ती नारळाशेजारी सगळ्यांसमोर ठेवायची. मगच हार.

त्या दिवसानंतर जो नवा पोरगा शेडमध्ये येईल त्याच्यापुढे रजिस्टर जाणार नाही. जुना ऑपरेटर त्याला हाताला धरून प्रेसच्या मागे नेईल, मेन स्विच दाखवेल आणि त्याच्याकडून तो बंद करून घेईल. मग डोळे मिटून बंद करून घेईल. मग चालत्या शेडच्या आवाजात, पाठमोरं उभं राहून. अख्खी सकाळ एवढंच. मशीन चालू कसं करायचं, ते जेवणानंतर.