आजोबांचा अंगठा, नातवाचा पॅन

आमच्या वस्तीतला एक पोरगा एमबीएसाठी कर्ज मागायला बँकेत गेला. नाव सांगत नाही. घरात पदवीपर्यंत पोचलेला पहिलाच. साहेबांनी संगणकात पाहिले आणि फाइल परत केली. तुमच्यावर आधीच तीन कर्जे थकीत आहेत म्हणाले. पोराने आजवर हप्त्यावर मोबाइलसुद्धा घेतला नव्हता. घरी येऊन तो रिक्षा चालवणाऱ्या बापावर ओरडला, "माझ्या नावावर काय करून ठेवलंय तुम्ही?" बाप दोन दिवस धड जेवला नाही.

क्रेडिट रिपोर्ट हातात आला तेव्हा उलगडा झाला. पॅन नंबर पोराचा. नावाचे स्पेलिंग किंचित बदललेले, पत्ता दुसऱ्या राज्यातला, मोबाइल नंबर अनोळखी. त्या कागदावरचा माणूस जगात कुठेच नाही. फक्त त्याचा एक तुकडा आमच्या पोराचा आहे. यालाच कृत्रिम ओळख म्हणतात. साध्या ओळखचोरीत चोर तुमचे सोंग घेतो. इथे तो तुमचा एक खरा आकडा उचलतो आणि त्याभोवती नवाच माणूस रचतो. त्या माणसाला आधी छोटी कर्जे मिळवून देतो, ती वेळेवर फेडून पत वाढवतो, मग मोठी रक्कम उचलून गायब होतो. मागे उरतो तो आकडा, आणि तो आपला असतो.

अशा टोळ्यांना हवा असतो असा माणूस, ज्याच्या नावावर कधी कर्जच नव्हते. अमेरिकेत लहान मुलांचे, बेघरांचे, तुरुंगातल्यांचे सोशल सिक्युरिटी नंबर यासाठी वापरले जातात, कारण आपला क्रेडिट रिपोर्ट बघायला त्यांच्यापैकी सहसा कोणी जात नाही. आपल्याकडे असे लोक कोणत्या वस्त्यांत राहतात, हे वेगळे सांगायला नको. त्यात आपले कागद सतत दुसऱ्यांच्या हातांतून फिरतात. शिष्यवृत्ती, वसतिगृह, जातीचा दाखला, जातवैधता, रमाई आवास, प्रत्येक ठिकाणी झेरॉक्सचा संच. सेतूबाहेरच्या एजंटला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला पॅनचा फोटो नंतर कोण पुसतो?

अर्धी खरी, अर्धी खोटी ओळख आपल्याला नवी नाही. नाव खरे, गाव खरे, जात तेवढी खोटी, असे दाखले काढून आपल्या जागा किती जणांनी लाटल्या! १९९४ च्या माधुरी पाटील निकालाने जातपडताळणीची पद्धत घालून दिली. २०१७ मध्ये जगदीश बहिरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने खोट्या दाखल्यावर मिळवलेल्या नोकरीला संरक्षण नाकारले. पण लबाडी त्यांनी केली आणि पुराव्यांच्या थप्प्या आजही आपणच जोडतो. कर्जातही तेच चालले आहे. 'तो मी नव्हेच' हे सिद्ध करायला पोरालाच हेलपाटे. आजोबांचा अंगठा कोऱ्या कागदावर घेणारा सावकारही असाच म्हणायचा, अंगठा तुझाच ना, मग कर्ज तुझेच. आमचे म्हणणे आहे की ज्याने पैसे दिले त्याने दाखवावे, कोणाला दिले ते.

म्हणून कर्ज देणाऱ्या कंपनीला पहिला प्रश्न लेखी विचारा: पैसे कोणत्या खात्यात गेले? रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार, मोजके अपवाद सोडता, रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यात जायला हवी. करार, केवायसीचे कागद, फोटो मागा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. त्यात फक्त स्कोअर बघू नका. पत्ते, फोन नंबर आणि कोणी कोणी चौकशी केली ते वाचा, खोटा माणूस तिथेच सापडतो. तुमच्या फोनवर वसुलीवाला भलतेच नाव घेत असेल, तर 'राँग नंबर' म्हणून फोन ठेवू नका, कोणत्या कर्जाबद्दल बोलतोय ते विचारून लिहून घ्या. संचार साथीवर आपल्या नावची सिमकार्डेही तपासा.

१९३० वर आणि पोलिसांत तक्रार द्या. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ क ओळखचोरीसाठीच आहे. क्रेडिट कंपनीकडे हरकत नोंदवा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर २६ एप्रिल २०२४ पासून दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे. मग रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहेच. आणि "थोडे भरून सेटल करा" म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. भरलेत की कर्ज तुम्हीच मान्य केल्यासारखे होते, आणि 'सेटल्ड' हा शिक्का रिपोर्टवर राहतो.

झेरॉक्सवर कशासाठी दिली ते आणि तारीख आडवी लिहा. जिथे चालेल तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारे आधार द्या.

आमच्या पोराच्या तीन नोंदींपैकी दोन निघाल्या आहेत. तिसऱ्या कंपनीने अजून खाते क्रमांक सांगितलेला नाही, म्हणून लोकपालाकडे अर्ज गेला आहे. रविवारी विहारात वंदनेनंतर आम्ही लॅपटॉप घेऊन बसतो. ज्याला आपला रिपोर्ट काढायचा आहे त्याने पॅन आणि स्वतःचा फोन घेऊन यावे. पोराचा बापही येतो, रिक्षा बाहेर लावून.